चारशे बारा नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, बोटभर लांब, एका टोकाला भोक आणि पोटावर ठोकलेला आकडा: ४१२. शुभ गोष्टीची सुरुवात देवाच्या नावानं करावी. पण माझी सुरुवात कबुलीनंच होणार, त्याला इलाज नाही. मी खोटं बोललो. एकदा नव्हे, तब्बल तीन वर्षं, उन्हापावसात, दिवसाढवळ्या बोललो. आणि सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

माझा जन्म हिंदी महासागरातल्या रेयुनियों या फ्रेंच द्वीपावरच्या एका ऊस पैदास केंद्रात, अवजारांच्या पडवीत झाला. मुकादम एलियार कार्पायनं जुन्या पत्र्याची पट्टी कापली, कानशीनं कडा घासल्या, आकड्यांचे ठसे एकेक करून ठेवले आणि हातोडीचे तीन घाव घातले. घाव बसताना दुखलं, पण घाव घालणारा गुणगुणत होता. एलियारचा गळा गोड. साखर कारखान्याजवळच्या छोट्या देवळात दर रविवारी तो टाळ-मृदंगाच्या साथीनं कथा गायचा. देवळातले तर यायचेच, पण सकाळी चर्चला जाऊन आलेलेही दुपारी तिथं येऊन बसायचे. भजी खायची, कथा ऐकायची, डोळे पुसायचे आणि घरी जायचं. त्या गळ्याच्या गुणगुणण्यात मी घडलो. म्हणून तर मला माझी लाज जास्त वाटते.

केंद्राच्या शेतात शेकडो जातींचे ऊस होते. एका जातीचं एक बेट, म्हणजे उसांचा एक झुबका, आणि प्रत्येक बेटाला एक बिल्ला. माझी रांग ओढ्याच्या काठची, अगदी शेवटची. समुद्राकडच्या टोकाला ४१०, डोंगराकडच्या टोकाला ४२४, अशी पंधरा बेटं. माझा चारशे बारा समुद्राकडून तिसरा. काळपट जांभळा, हट्टी ऊस. वादळात आडवा झाला तरी महिन्याभरात मान वर काढायचा. रोग त्याला शिवत नसे. द्वीपावरच्या निम्म्या शेतांतला ऊस त्याचीच लेकरं-नातवंडं. मात्र त्याच्या पानाच्या देठाला बारीक काट्यांची अशी कूस, की हात लावणाऱ्याची आग आग व्हावी. मीही वाऱ्यानं हललो की ती कूस मला टोचायची. टोचू दे, मला त्याचा अभिमानच होता.

आमच्या बेटांची सगळ्यात जुनी ओळखीची म्हणजे क्लेलिया सोत्रों. सगळं केंद्र तिला तांतीन म्हणायचं, ती सगळ्यांचीच मावशी होती. परीक्षणासाठी पानं कापायचं काम सव्वीस वर्षं तिचं. ती कधी बिल्ला वाचायची नाही. बोट फिरवायची, उसाच्या कांडीवरच्या डोळ्याची खाच चाचपायची आणि पुढं जायची. मला तेव्हा याचा राग यायचा. मी एवढा चकचकीत आणि ही माझ्याकडं बघतसुद्धा नाही!

आता ते वादळ. वादळाचा केशरी इशारा झाला की सगळे बिल्ले उतरवायचे, हा आमच्याकडचा जुना रिवाज. जोराच्या वाऱ्यात पत्रा पान कापतो आणि मग उडून जातो तो कायमचाच. मुकादम समुद्राकडून डोंगराकडं चालत बिल्ले काढायचा आणि तारेत ओवत जायचा. शेवटी काढलेला बिल्ला तारेच्या तोंडाशी यायचा, म्हणून परत लावताना नेहमी डोंगराकडून सुरुवात. शेवटचा पहिला, पहिला शेवटचा. एवढं साधं.

त्या फेब्रुवारीत ओढ्याला असा लोंढा आला, की डोंगराकडची पायवाट वाहून गेली. एलियार सगळ्या रांगा संपवून शेवटी आमच्याकडं आला. अंगावर चिखल, पायांत चिखल, घराचे पत्रे उडालेले, लक्ष निम्मं तिकडं. डोंगराकडून उतरता येईना, म्हणून तो समुद्राकडून रांगेत शिरला आणि तारेच्या तोंडाशी जो आला तो लावत चालला. ४१०च्या बेटाला ४२४. पुढच्याला ४२३. मधोमध पिवळ्या पट्ट्यांचा चारशे सतरा होता. तो आंधळ्यालाही ओळखू येईल. तिथं आला तेव्हा हातात बिल्ला आला ४१७च. मधलाच तो, कुठूनही मोजा, मधलाच राहणार! एलियारनं बघितलं, मान डोलावली आणि म्हणाला, "बरोबर आहे रांग."

मी ४२२च्या गळ्यात पडलो.

मला तिथंच कळलं, मित्रांनो. कूस टोचेना. ४२२ गुळगुळीत, फिकट हिरवा, मवाळ ऊस होता. पहिले काही दिवस मी कासावीस झालो. मग मला बरं वाटायला लागलं. कोणी टोचत नव्हतं, सावली दाट होती, आणि माझ्या पोटावरचा मोठा आकडा तसाच होता. मनात म्हटलं, माझा आकडा खरा आहे ना? मग झालं.

दुसऱ्या दिवशी तांतीन रांगेतून गेली आणि थबकली.

"एलियार, ही रांग डोक्यावर उभी आहे रे."

"तांतीन, वादळानं ऊस आडवा झालाय, रांग नाही. चष्मा पुसा."

"चष्म्यानं नाही बघत मी. हात सांगतोय."

"मग चारशे सतरा बघा. तो जागेवर आहे का नाही?"

ती चारशे सतराशी गेली. तो जागेवर होता. ती पुढं निघाली. पण जाताना दोनदा वळून बघितलं.

पुढच्या वर्षी समुद्रापलीकडच्या मोठ्या प्रयोगशाळेतून सोलेन केर्वेला नावाची तरुण संशोधक आली. तिला चारशे बाराचा जीनोम वाचायचा होता. प्रत्येक जिवाच्या पेशीत चार अक्षरांत लिहिलेली एक पोथी असते, तोच जीनोम. भाताची पोथी सडपातळ, लोकांनी ती केव्हाच वाचली. उसाची मात्र भयंकर. एक गोड कुळ आणि एक रानटी कुळ यांच्या संकरातून तो आलेला. त्याच्या पोथीत प्रत्येक अध्याय दहा-दहा, बारा-बारा वेळा, आणि दर वेळी दोन-चार शब्दांचा फरक. शिवाय वाचायची तर आधी लाखो तुकडे करायचे आणि मग जुळवत बसायचं.

सोलेननं हे तांतीनला समजावून सांगितलं. "असं समजा, एकच पद बारा जण एकदम म्हणतायत. प्रत्येकाचे शब्द थोडे वेगळे, चाल थोडी वेगळी. आणि मला प्रत्येकाचं पद वेगळं लिहून काढायचंय."

"मग आमच्या चर्चचं गाणं ऐकायला या," तांतीन म्हणाली. "सराव होईल."

सोलेन खळखळून हसली. मुलगी चांगली होती, हे मला सांगितलं पाहिजे. तिनं केंद्राच्या नकाशावर बोट ठेवून मोजलं, टोकाकडून तिसरं बेट. वाट दुरुस्त झाली होती, त्यामुळं ती डोंगराकडून आत आली. तिसरं बेट, त्यावर मी. सगळं जुळलं.

पाच दिवस कोंबाला काळं कापड गुंडाळून ठेवलं. अंधारात पान फिकं पडतं, त्यातली साखर कमी होते आणि पोथीचे लांब लांब धागे सलग निघतात. सहाव्या दिवशी तांतीननं कापड सोडलं, कोंबाच्या पोटातलं गुंडाळलेलं कोवळं पान धरलं आणि हात मागं घेतला.

"मादम्वाझेल, हा चारशे बारा नाही. ह्याला कूस नाही. चारशे बारा चावतो."

"अंधारात ठेवल्यावर मऊ पडला असेल, तांतीन. बिल्ला बघा ना."

"बिल्ला मी बघत नाही. बिल्ला उसाला लावतात, ऊस बिल्ल्याला नाही लावत."

एलियार तिथंच उभा होता. तो म्हणाला, "चौतीस वर्षांत माझा एक जरी बिल्ला चुकला असेल तर दाखवा. मिशी उतरवून देतो."

"अय्यो! तुझी मिशी ती केवढी, उंदराच्या शेपटीएवढी. घेऊन करू काय?"

सगळे हसले. हसण्यात तांतीनचं म्हणणं वाहून गेलं. सोलेननं माझा फोटो काढला, अगदी जवळून. मी उन्हात असा चमकलो! माझ्या मागं जो ऊस उभा होता त्याची ओळख मला होती. फक्त मला आणि तांतीनला होती. मला तोंड नाही, हे खरं. पण तोंड असतं तर बोललो असतो का, हे मी आजवर स्वतःला छातीवर हात ठेवून सांगू शकलेलो नाही. मी फोटोत गुंतलो होतो.

तांतीननं पान कापलं. धुरकट वाफा सोडणाऱ्या गारठलेल्या भांड्यात ते गेलं आणि विमानानं समुद्रापलीकडं गेलं.

जवळजवळ दोन वर्षं वाचन चाललं. मग प्रयोगशाळेतून एक पत्र आलं. चारशे बाराची लेकरं शेताशेतांत उभी आहेत, लेकराच्या पोथीत निम्मी आई सापडायलाच हवी. ती सापडेना. वाचन निर्दोष होतं, पण आई दुसरीच निघाली होती.

पत्र आलं त्या सकाळी एलियार एकटा आमच्या रांगेत आला. डोंगराकडच्या दुरुस्त वाटेकडं बघितलं. मग समुद्राकडं. मग ४१७कडं. आणि तो खाली बसला. त्याच्या ओठांवर आकडे होते, चारशे चोवीस, चारशे तेवीस... हळूहळू तो मला जिथं टांगलं होतं तिथवर आला आणि त्यानं माझी तार सोडली. बहुधा रांग गुपचूप सरळ करायचा त्याचा विचार होता. पण तेवढ्यात बायका खुरपायला आल्या आणि त्यानं मला सदऱ्याच्या खिशात टाकलं.

त्या खिशात मी आठ दिवस होतो. काळजाला लागून. मित्रांनो, गुन्हेगाराच्या काळजाशेजारी राहायला मिळणं ही मोठी शिक्षा आहे, त्यातून आपण त्याच गुन्ह्यातले साथीदार असलो तर अधिकच. मला त्याचा हिशेब ऐकू यायचा. रांग चोरून सरळ केली तर आपलं नाव राखलं जाईल. पण मग बिल्ले सगळे बरोबर दिसतील, आणि चुकीचं पान कापणारी ठरेल तांतीन. कायमची.

रविवारी तो देवळात गायला उभा राहिला. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची कथा होती. पूर्वार्ध बरा गेला. मग राजा स्मशानात उभा राहतो तिथं एलियारचं धृपद अडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा अडलं. मृदंगवाला ठेका धरून वाट बघत राहिला. गर्दीतून तांतीनचाच आवाज आला, "अरे, पाणी द्या त्याला कुणीतरी! घसा बसलाय." पाणी आलं. तो प्याला. पण घसा बसलेला नव्हता, हे मला खिशात ठाऊक होतं.

आठव्या दिवशी सोलेन आली. डोळे सुजलेले, चेहरा ओढलेला. अवजारांच्या पडवीत संचालक साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"पान कोणी कापलं होतं?"

"मी," तांतीन म्हणाली. "कापतानाच म्हटलं होतं, हा चारशे बारा नाही."

साहेबांनी सोलेनकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. "असं काही... मला आठवत नाही," ती म्हणाली.

साहेब वाईट माणूस नव्हते. आवाज मऊ ठेवूनच बोलले. "तांतीन, वय होतं माणसाचं. शेजारच्या बेटाचं पान कापलं गेलं असणार. सोमवारपासून तुम्ही खुरपणीला जा. पान कापायला आपण दुसरं कोणी घेऊ." मग कागद उलटून एलियारला म्हणाले, "आणि त्या शेवटच्या रांगेतलं चारशे बावीस आज काढून टाका. काढायच्या यादीत आहे. काही कामाचा नाही तो ऊस."

तांतीननं पान कापायचा विळा कमरेचा सोडला, टेबलावर ठेवला आणि बाहेर गेली. एलियारच्या काळजानं माझ्यावर असा घाव घातला, की जन्माच्या वेळचे तीनही घाव त्यापुढं हलके.

कारण, मित्रांनो, चारशे बावीसचा बिल्ला कुठं होता? खऱ्या चारशे बाराच्या गळ्यात. जगात त्याचं हे एकच जुनं, अस्सल बेट. साहेबांनी त्यालाच उपटायला सांगितलं होतं.

केंद्राचा यंत्रचालक गास्पार खोदाई यंत्र घेऊन समुद्राकडच्या टोकाला आला. तांतीन त्याच्याआधी तिथं पोहोचली होती.

"गास्पार, तिथं नको! अरे थांब!"

"तांतीन, कागदावर चारशे बावीस, बिल्ल्यावर चारशे बावीस. मी काय तिसराच आकडा आणू?"

"कागद आणि बिल्ला दोघं मिळून आंधळे झालेत. हात लाव, हात लावून बघ, चावतो का नाही!"

"मला कशाला चावून घ्यायचंय?" गास्पार म्हणाला आणि यंत्राचा दांडा ओढला.

एलियार पंधरा पावलांवर उभा होता. पंधरा पावलं म्हणजे काय लांब? पण तो हलला नाही. यंत्राचा पंजा जमिनीत शिरला आणि अर्धं बेट मुळांसकट वर आलं. जांभळ्या कांड्या कडाकडा मोडल्या. तो आवाज माझ्या पत्र्यात अजून आहे.

तेव्हा एलियार धावला. उकरलेल्या खड्ड्यात उतरून उरलेल्या अर्ध्या बेटापुढं हात पसरून उभा राहिला.

"बंद कर! गास्पार, बंद कर ते! चूक माझी आहे!"

यंत्र थांबलं. आवाज ऐकून साहेब आणि सोलेन पडवीतून पळत आले. एलियारनं मला खिशातून काढून वर धरलं. 

"वादळानंतर रांग मी उलटी लावली. वाट वाहून गेली होती, मी समुद्राकडून आत शिरलो. मधला जुळला, म्हणून पुढं बघितलं नाही. पान बरोबर बिल्ल्याचंच कापलं होतं तांतीननं. बिल्ला खोटा होता. आणि मला आठ दिवस ठाऊक आहे."

 मग तांतीन म्हणाली, "आठ दिवस लागले?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"वादळाच्या दुसऱ्याच दिवशी म्हटलं होतं. तू चष्मा पुसायला लावलास."

"मग आज साहेबांसमोर माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुझ्या बायकोच्या हातचं लोणचं मी तीस वर्षं खातेय, एलियार. माझ्या तोंडून कसं यायचं ते? तुझ्या तोंडून यायची वाट बघत होते. देवळात तर वाटलं, आता येतंय." तिनं मोडलेल्या कांड्यांकडं बघितलं. "उशीर केलास रे."

सोलेन खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसली होती. "तांतीन," ती म्हणाली, "मला आठवत होतं. तुम्ही म्हणाला होता."

"ठाऊक आहे, पोरी. कान लालभडक झाले होते तुझे. ऊठ आता, ते काळं कापड आण. उन्हानं कोंब सुकेल."

साहेबांनी स्वतः जाऊन टेबलावरचा विळा आणला आणि दोन्ही हातांनी तांतीनला दिला.

उरलेल्या बेटातून तीन ऊस जगले. त्यांचे डोळ्यांसकट तुकडे करून टिपऱ्या लावल्या, आणि आज त्यांचं चांगलं बेट झालं आहे. मी त्याच्याच गळ्यात आहे. कूस टोचते. टोचू दे. सोलेननं पुन्हा पहिल्यापासून वाचन केलं, आणि या वेळी लेकरांत आई सापडली. आता बिल्ले लावायचा रिवाजही बदलला आहे. एलियार बिल्ला हातात धरतो, तांतीन डोळे मिटून उसाला हात लावते आणि खुणा मोठ्यानं म्हणते. मगच तार बांधली जाते. एलियार रविवारी गातो. राजाच्या कथेत तिथं त्याचा आवाज आजही हलतो, पण आता तो थांबत नाही.

माझी गोष्ट इथं संपली असती तर मी सुखानं गंजलो असतो, म्हणजे ॲल्युमिनियमला जेवढं गंजता येतं तेवढं. पण अजून एक सांगायचं उरलं आहे.

रांग सरळ झाली, तेव्हा ४२२चा बिल्ला ४२२च्या गळ्यात गेला. आणि यादी होती तशीच राहिली. गास्पार दुसऱ्या दिवशी दुपारी आला. ज्या फिकट, मवाळ उसानं मला तीन वर्षं सावली दिली, कधी टोचलं नाही, ज्याचं पान माझ्या नावावर कापलं गेलं, तो दहा बेटांपलीकडं उपटला जाताना मी इथून बघितला. या वेळी कोणी खड्ड्यात उडी घेतली नाही. चूक कुठंच नव्हती, सगळं कागदाप्रमाणं होतं. त्याची सबंध पोथी अक्षर न् अक्षर वाचून झालेली आहे, आणि समुद्रापलीकडं कुठल्याशा कपाटात 'चुकीचं पान' असा शेरा मारून ठेवलेली आहे. तांतीननं त्याची एक टिपरी लपवून घरी नेली. ती फुटली की नाही, मला माहीत नाही. इथून तिचं अंगण दिसत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती बिल्ले येतील. झाडाला लावायचे, माणसाला लावायचे. बांधण्याआधी एकदा हात लावून बघा, चावत असेल तरी. आणि चुकीच्या गळ्यात बांधलात, तर तो खिशात घालून आठ दिवस फिरू नका. त्या आठ दिवसांपायी एक बेट अर्धं गेलं. आणि ज्याचं काहीच चुकलं नव्हतं, ते सगळंच गेलं.